भेडाघाटचं अंडं

बायकांना कशाकशाचा हेवा वाटतो! जावेच्या पाटल्यांचा, बहिणीच्या घराचा, शेजारणीच्या गोऱ्या रंगाचा. मला वाटला तो एका धामणीचा. हसायचं तर खुशाल हसा. पण ज्या बाईच्या नवऱ्याला घरी यायला सवड नाही, आणि आला की जो अंगणातल्या सापाशी बोलत बसतो, त्या बाईच्या जिवाचं काय होतं ते माझं मला माहीत.

पासष्टच्या लढाईचं साल होतं. लग्न होऊन मी जबलपूरला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते आणि आम्हाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला तारेची जुनी जाळी, आणि जाळीपलीकडे नाल्यापर्यंत नुसतं रान. माझं माहेर नागपूरजवळच्या खेड्यातलं. आईनं पाठवणीच्या वेळी भांड्यांबरोबर डालग्यात घालून कोंबड्याही दिल्या होत्या. गाडीच्या डब्यात त्या एवढ्या कलकलाट करून राहिल्या होत्या की हे लाजेनं लाल होऊन खिडकीबाहेरच बघत बसले. मी मात्र खूश होते. परक्या गावात सगळे हिंदी बोलणारे, तिथे माझ्या माहेरचं बोलणारं कोणी असेल तर त्या कोंबड्याच.

लग्नानंतर आम्ही एकदाच फिरायला गेलो, ते भेडाघाटला. तिथे मऊ पांढऱ्या दगडाच्या वस्तूंची दुकानं होती. बाकीचे नवरे आपापल्या बायकांना कुंकवाच्या डब्या घेऊन देत होते, कोणी ताजमहाल घेत होते. यांनी मला काय घेऊन द्यावं? दगडाचं अंडं! हुबेहूब कोंबडीच्या अंड्याएवढं, फक्त खालून जरासं चपटं, उभं राहावं म्हणून. "घे, तुझ्या कोंबड्यांना फसव," असं म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. हसताना यांच्या डाव्या गालाला खळी पडते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वरवर मी फणकारले, पण त्या अंड्यावर माझा जीव बसला तो बसलाच.

आणि अंडं कामाचंही होतं. खुराड्यात एक खोटं अंडं ठेवलं की कोंबडी बाहेर झुडपात जाऊन अंडी घालत नाही, तिथेच येऊन बसते. आमच्या गावाकडे त्यासाठी चुन्याचा गोळा ठेवत. माझ्याकडे भेडाघाटचा दगड होता. रोज खरी अंडी उचलायची आणि ते एक गवतात तसंच ठेवायचं.

मग लढाई लागली. कारखान्याचा भोंगा कधी वाजायचा आणि कधी नाही याचा काही धरबंधच राहिला नाही. हे एक पाळी संपवून यायचे, दोन घास पोटात ढकलायचे, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा सायकल काढायचे. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. क्वार्टरांच्या मागे, आमच्या जाळीपलीकडे, विमानं आली तर लपायला म्हणून खंदक खणला होता. विमानं काही आली नाहीत. पाऊस आला, खंदकात पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले, बेडकांमागे धामण आली. चांगली लांबलचक, पिवळसर, मनगटाएवढी जाड. खंदकाच्या कडेला तिनं आपलं घर केलं आणि बेडकांचा कंटाळा आला की माझ्या खुराड्याकडे यायला लागली. आधी अंडी जायला लागली. मग एक पिल्लू गेलं.

बाजूच्या क्वार्टरमध्ये सिहोऱ्याकडची एक चाची राहायची. साठीची, मोठ्या आवाजाची, सगळ्या रांगेवर हुकूम चालवणारी. पिल्लू गेलं त्या दिवशी मी ओरडले तशी ती लाठी घेऊनच धावत आली. "घोड़ापछाड़ है दुल्हन! हट, मैं देखती हूं इसको." धामणीला तिकडे घोड़ापछाड़ म्हणतात. मीही चुलीतलं लाकूड उचललं होतं. तेवढ्यात हे दारातून आत आले. अंगावर कामाचे कपडे, डोळे लाल. आम्हा दोघींच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मारायचं नाही."

"काहून नाही? माझं पिल्लू खाल्लं तिनं!" मी म्हटलं.

"दिवसभर तेच करून राहिलो ना तिथे," हे म्हणाले. "घरी तरी नको."

मग यांनी काठीच्या टोकाला फडकं गुंडाळलं, धामणीला हलकेच कोपऱ्यात दाबलं, मानेमागे धरलं आणि पोत्यात सोडून तोंड बांधलं. धामणीला विष नसतं, पण ती चावते आणि शेपटीचे फटके देते. हे तिला म्हणत होते, "थांब वो बाई, थांब जरा, काही नाही करत तुला." वो बाई! मला कधी एवढ्या मऊ आवाजात 'थांब' म्हणाले नव्हते. पोतं सायकलच्या हँडलला अडकवून न जेवता हे महाराजपूरच्या बाजूला शेतात तिला सोडायला गेले.

इथे एक सांगायचं राहिलं. माझ्या मंगळसूत्राची कडी तुटली होती. मी वाटीजवळ काळा दोरा बांधून वेळ मारून नेत होते. सराफ्यात नेऊन जोडून आणायचं होतं, आणि मी यांना कितीदा तरी म्हटलं होतं. दर वेळी उत्तर ठरलेलं, "सवड कुठे आहे?" खरंच नव्हती. मला दिसत होतं ना. पण धामणीला महाराजपूरपर्यंत सायकलवर फिरवून आणायला होती! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. यांचं ताट झाकून ठेवलं आणि मी तोंड फिरवून पडून राहिले.

बरं, गेली म्हणावं तर तसंही नाही. काही दिवसांत धामण पुन्हा खंदकात. तीच होती की दुसरी, देव जाणे. हे म्हणाले तीच, शेपटीजवळचा डाग ओळखतो मी. घ्या! माझ्या हनुवटीवर गोंदण आहे ते यांना लग्नानंतर दोन महिन्यांनी दिसलं होतं.

मग यांनी नवीनच काढलं. "चूक तिची नाही, आपली आहे," म्हणाले. "आपण ताट वाढून ठेवलं तर ती येणारच." मिळेल त्या अर्ध्या तासात हे खुराड्याशी बसायला लागले. खुराडं विटांवर उंच चढवलं. खालून फळ्या ठोकल्या. बारीक भोकांची जाळी आणून दाराला लावली. अंगणातला सरपणाचा ढीग हलवून भिंतीपासून दूर रचला, कारण ढिगात उंदीर राहतात आणि उंदरांसाठी साप येतो. मला हुकूम सुटला की अंडी दुपारच्या आत उचलायची, दाणे सांडून ठेवायचे नाहीत, दिवस मावळायच्या आधी दार लावायचं. मी चहा घेऊन जायची. हे जाळीचा खिळा तोंडात धरून नुसतं बोटानं दाखवायचे, तिथे ठेव. चहावर साय धरायची. माझ्याकडे मान वर करून बघितलं असं एकदाही झालं नाही.

आणि मला तर यांना काही सांगायचं होतं.

मला दिवस गेले होते. आधी मला स्वतःलाच खात्री नव्हती. चाचीनं ओळखलं. मी नळावर घागर भरत होते, ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून हसली. "कब बताओगी भैया को?" मी मान खाली घातली. मग ती जवळ आली आणि अगदी गंभीर होऊन म्हणाली, "अब उस सांप के पास मत जइयो. पेट वाली की परछाईं पड़ जाए तो सांप अंधा हो जाता है." हे आमच्या गावाकडेही म्हणतात. पोटुशीची सावली पडली की साप आंधळा होतो, जागचा हलत नाही. मी मनात म्हटलं, होऊ दे मेलीला आंधळी. माझ्या नवऱ्याच्या नजरेत भरून राहिली आहे ती. पण म्हटलं खरं, आणि तेव्हापासून मी जाळीकडे जायचं टाळलं. माहेरी नागपंचमीला आई पाटावर नाग काढून दूध ठेवायची, त्या घरातली मी. आणि पोटात जीव असताना कोणाचे डोळे जावेत असं कोणाला वाटतं?

यांना सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? हे जेवताना पेंगायचे. एकदा सांगायला तोंड उघडलं तर हे ताटावर बसल्या बसल्या झोपले होते, हातात घास तसाच. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, बस्स. माझ्याकडे बघतील, काय गं, बरी आहेस ना, एवढं विचारतील, तेव्हाच सांगीन. तोवर मुळीच नाही. मी कोणी रस्त्यावर पडले आहे का? सासूला पत्र टाकणार नाही, आईला कळवणार नाही, चाचीलाही शपथ घातली. एका प्रश्नासाठी अडून बसले होते मी. आता आठवलं की वाटतं किती लहान होते. पण तेव्हा त्या एका प्रश्नावर माझा सगळा संसार टांगलेला होता.

त्यातच माझं अंडं गेलं. भेडाघाटचं. दुपारी खुराड्यात हात घातला तर गवत रिकामं. आदल्या दिवशी दार जरा उघडं राहिलं होतं, कोंबडी आत-बाहेर करत होती. मी गवत उपसलं, फळीखाली बघितलं, चाचीच्या अंगणात जाऊन शोधलं. कुठे नाही. मी अशी रडले की चाचीला वाटलं माहेरून तार आली. एका दगडासाठी कोणी इतकं रडतं का? पण जबलपूरमध्ये यांनी मला हसून दिलेली ती एकच वस्तू होती.

संध्याकाळी हे आले. मी सांगणार होते की अंडं हरवलं. पण हे आल्या आल्या जाळीपाशी गेले, खंदकात वाकून बघितलं आणि तिथूनच मला हाक मारली. किती दिवसांनी हाक मारली होती! मी पदर सारखा करत दारापर्यंत आले.

"ऐकलं का, धामण पोटुशी आहे," हे म्हणाले. आवाजात काय कौतुक! "पोट फुगलंय बघ कसं. हलता येत नाही बिचारीला. आता तिला त्रास द्यायचा नाही. पाणी ठेवतो मी तिच्यापुढे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत जाऊन अशी भांडी आपटली की चाचीनं भिंतीवर थाप मारली. पोटुशी! खंदकातल्या सापाचं पोट यांना लांबून दिसतं, आणि इथे रोज उलट्या करून माझी आतडी पिळवटून निघाली ती दिसत नाही. बिचारी म्हणे! तिला पाणी ठेवा, मला विहिरीत ढकला. त्या दिवशी मी यांना वाढलं ते एक अक्षर न बोलता. यांना ते कळलंच नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला.

पुढचे दोन-तीन दिवस धामण खंदकाच्या कडेला पडून होती आणि हे येता-जाता तिची विचारपूस करत होते. मग एका सकाळी हे रात्रपाळीहून आले आणि अंगणातून एकदम मोठ्यानं ओरडले. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात धावले. ऊन नुकतं चढत होतं, माझ्या पाठीशी सूर्य होता. धामण तारेच्या जुन्या जाळीतून आत यायला निघाली होती आणि मध्येच अडकली होती. डोकं आणि पुढचं अंग अंगणात, मागचं जाळीपलीकडे, आणि पोटातली ती गाठ तारेत रुतलेली. ती सुटायला धडपडत होती आणि तार तिला कापत होती. हे पक्कड घेऊन खाली बसले होते. "थांब वो, थांब," म्हणत एकेक तार तोडत होते. शेवटची तार तुटली तशी यांनी तिला मानेमागे धरून उन्हात सरळ केलं. आणि तेव्हा मला ती गाठ नीट दिसली. कातडी ताणून खवले फाकले होते. गाठ एकच होती, टणक, आणि एका बाजूनं चपटी.

"अवो," मी दारातूनच किंचाळले, "ती पोटुशी नाही! ते माझं अंडं आहे! भेडाघाटचं!"

यांनी अंगठ्यानं गाठ चाचपली. यांचा चेहरा उतरला. "दगड आहे गं," म्हणाले. "मरेल ही. पचणार थोडंच आहे."

मला माहीत होतं काय करायचं ते. माहेरी कोंबडीचं अंडं अडकलं की आई तेलाच्या हातानं हळूहळू ढकलून काढायची, मी किती वेळा कोंबडी धरून बसले होते. मी म्हटलं, "तेल लावून मागून पुढे ढकलायचं, तोंडाकडे. जोर लावायचा नाही. निघते."

"मग ये ना! माझे दोन्ही हात गुंतले आहेत. तेल घे आणि ये."

मी तेलाची वाटी घेतली, पायरी उतरले आणि थबकले. सकाळचं ऊन. माझी सावली माझ्यापुढे लांबच लांब पडली होती. आणखी दोन पावलं टाकली असती तर तिच्या डोक्यावर गेली असती.

"ये लवकर! काहून थांबली?"

"माझी सावली पडेल तिच्यावर."

"पडू दे. सावलीनं काय होते?"

"आंधळी होते म्हणतात."

"कोणाच्याही सावलीनं साप आंधळा होते का? काहीही बोलते!"

"कोणाच्याही नाही," मी म्हटलं.

नागपूरकडचाच माणूस, यांनाही लहानपणापासून ते माहीत होतं. दोन्ही हातांत धामण, तिची शेपटी कोपरापर्यंत वेढे घालून बसलेली, आणि यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. लढाई लागल्यापासून पहिल्यांदा बघितलं. तोंडाकडे, मग पोटाकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"कधीपासून?"

मग मला राहवेना. "तुम्हाला काय करायचं? हिचं पोट दिसलं ना तुम्हाला? खंदकात जाऊन दिसलं! रोज समोर उभी राहते ती बाई नाही दिसली! हिच्यापुढे पाणी ठेवलं, हिला फिरवून आणलं, हिला बिचारी म्हणाले. मी काय पाप केलं होतं?" तेलाची वाटी हातात, पिठाचे हात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. चाची आपल्या दारात येऊन उभी राहिली होती, तिचीही मला लाज वाटली नाही.

हे उठू शकत नव्हते. मला हात लावू शकत नव्हते. धामण सोडली असती तर तो दगड घेऊन ती मरायला गेली असती. यांचे डोळे भरून आले, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "होऊ दे हिला आंधळी. तू ये इकडे."

बस्स. मला तेवढंच पाहिजे होतं. इतके दिवस जिवात सलत होतं ते तिथल्या तिथे निघून गेलं. मी नाक पुसलं आणि सरळ पुढे गेलेच नाही. खुराड्याला वळसा घातला, यांच्या पलीकडून आले, सूर्याकडे तोंड करून बसले. माझी सावली मागे खुराड्यावर पडली. कोंबड्यांना त्याचं काही नव्हतं.

यांनी तिचं अंग सरळ धरलं. मी तिच्या पोटाला तेल लावलं. थंड होती, आणि आत कुठेतरी तिचा जीव धडधडत होता. मी गाठीच्या मागे अंगठे ठेवले आणि आईसारखं हळूहळू पुढे सारत गेले. ती ताणली जायची, मी थांबायची. हे म्हणायचे, "थांब वो बाई," आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तिला नाही, तुला म्हटलं. दमशील." शेवटी तिनं जबडा फाकवला आणि ते पांढरं अंडं लाळेनं माखून अलगद माझ्या ओंजळीत पडलं. चाचीनं तिकडून देवाचं नाव घेतलं.

यांनी धामणीला खंदकाच्या सावलीत नेऊन ठेवलं. बराच वेळ ती पडून राहिली, मग जीभ लपलप केली आणि गवतात शिरली. डोळे शाबूत होते. मी अंडं राखेनं घासून धुतलं. हे नळावर हात धुऊन आले, रात्रीची पाळी करून आलेला माणूस, आणि झोपायच्या ऐवजी सायकल बाहेर काढून तिच्यावरची धूळ झटकू लागले. माझ्या मनात पुन्हा जुनाच संशय आला. म्हटलं, निघाले महाराजपूरला.

"पोतं विसरले तुम्ही," मी खोचून म्हटलं. "तिला सोडायला नेऊन राहिले ना?"

"राहू दे तिला इथेच," हे म्हणाले, आणि डाव्या गालाला खळी पडली. "आज सायकलवर जागा कुठे आहे? मंगळसूत्र घे आणि बस मागे. हळू चालवतो."